पानाखाली मोरे

सोलापूर,
४ मार्च २०२५

चि. हृषीकेश यास अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा येऊन गेली. तुझा पाय मोडला असं ती सांगत होती, आणि मला ऐकू आलं ‘पाव’. मी म्हटलं, मोडला तर मोडला, चहात बुडवून खा म्हणावं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा कळलं. मोडनिंबला गाडी घसरली, दोन महिने प्लास्टर. जेऊरला घरात बसून वाळवणं राखत असशील.

तर बसलाच आहेस म्हणून तुला एक काम सांगते. अवधूतला जाऊन परवा तीन महिने होतील. दवाखान्यातले शेवटचे दोन दिवस त्याच्या घशात नळी होती. त्याला बोलता येत नव्हतं आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे मायलेकांची जोडी अगदी जमली होती. त्याने औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने लिहिलं, ‘कॉम्प्युटरवर आई नावाची फाईल आहे. वाच.’ चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे.

इतके दिवस धीर झाला नाही. परवा चालू केला, तर पडदा काळा, आणि वर पांढऱ्या अक्षरांत grub लिहून पुढे एक रेघ लुकलुकते. शब्दकोश काढला. ग्रब म्हणजे अळी. म्हणजे कीड लागली असं मी धरून चालले. कोपऱ्यावरच्या दुकानातला ईरप्पा येऊन बघून गेला. त्याने कागदावर लिहून दिलं, ‘फॉरमॅट मारतो की ओ मावशी, नवा होऊन जातंय.’ आतलं सगळं राहील का, विचारलं. त्याने दोन्ही हात हवेत पुसले.

शेजारच्या कुणाला बोलवणार नाही. माझ्या पोराचं लिहिणं दुसऱ्याने आधी वाचलेलं मला चालणार नाही. अवधूतचा मोबाईल उघडत नाही, माझ्या डबड्यावर फोटो येत नाही, फोन कानाला लावून उपयोग नाही. तू लहानपणापासून त्याच्याबरोबर हेच उद्योग करायचास. पत्राने सांगता येईल का?

प्रेमलामावशी


जेऊर,
९ मार्च

ती. मावशीस सा. न.

पत्राने सांगता येईल, आणि ईरप्पाला दारात उभं करू नकोस.

ती अळी नाही. असं समज, शाळेचा शिपाई सकाळी आलाय, किल्ल्यांचा जुडगा हातात आहे, पण कोणता वर्ग आधी उघडायचा तो कागद हरवलाय. म्हणून तो फाटकात उभा राहून विचारतो आहे, बाई, काय करू? शाळा शाबूत आहे. त्याला दोन गोष्टी नीट येतात. कपाटात काय काय आहे ते सांगणं, आणि एखादा कागद काढून वाचून दाखवणं. आपल्याला तेवढंच हवंय.

सोबत वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहे, ls ने सुरू होणारी. ती जशीच्या तशी टाइप कर, कंस आणि तिरप्या रेघांसकट. अवधूतच्या कपाटातल्या सगळ्या फायलींची नावं येतील. त्यात aai असं दिसलं की मला कळव.

एक विचारतो. कॉम्प्युटर शेवटचा कसा बंद झाला होता?

तुझा,
हृषीकेश


सोलापूर,
१५ मार्च

चि. हृषीकेश यास आशीर्वाद.

ओळ पहिल्या फटक्यात बरोबर टाइप झाली. चाळीसची टायपिंग परीक्षा दिलेली हेडक्लार्क आहे मी, विसरलास काय?

पण तुझा शिपाई मेला सगळं एका दमात सांगून मोकळा होतो. नावं सरसर वर पळाली. हाती लागल्या शेवटच्या बावीस-तेवीस ओळी, त्यात क्लासच्या पोरांच्या परीक्षांचे पेपर. चारदा केलं. पळता पळता टिपून घ्यायला बसले, लघुलेखन येतं म्हणून. चार नावं लिहिली तोवर चाळीस गेली. वर गेलेलं परत खाली आणता येत नाही, बाण दाबून पाहिले.

पाचव्यांदा मी त्याला म्हटलं, अरे बाबा, हळू सांग, मला ऐकू येत नाही. मग माझं मलाच कसंसं झालं. अवधूतला दिवसातून दहा वेळा हेच म्हणायचे मी.

कसा बंद झाला ते मला ठाऊक नाही.

मावशी


जेऊर,
१९ मार्च

ती. मावशीस सा. न.

चूक माझी. त्या शिपायाला हळू सांगायला लावायची सोय आहे आणि मी ती तुला आधी सांगितली नाही. आधी ही ओळ लिही:

set pager=1

मग एंटर. मग आधीची ls ची ओळ. आता तो पडदा भरला की थांबेल. वाचून झालं की स्पेस दाब, पुढचं पान येईल. कॉम्प्युटर बंद केलास की मात्र हे तो विसरतो. दर खेपेला नव्याने सांगावं लागेल.

उकाडा वाढलाय. कारखान्याकडून वारा आला की घरात मळीचा वास भरतो. प्लास्टरच्या आत खाज सुटली की आई विणायची सुई आणून देते. तू जेवतेस ना वेळेवर?

हृषीकेश


सोलापूर,
२५ मार्च

चि. हृषीकेश यास आशीर्वाद.

थांबला. अगदी गुणी पोरासारखा थांबला. आणि पहिल्याच पानावर मधोमध aai.txt. मला स्पेस दाबावीच लागली नाही.

पण तुला दुसरंच सांगायचंय. त्या पानाच्या अगदी तळाला, दोन्ही बाजूंना रेघा ओढून, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, MORE. मोरे. माझ्या पोराने आपलं आडनाव त्या यंत्रात घालून ठेवलंय. मी त्याला लहानपणी शिकवलं होतं, कागद कसलाही असो, पानाखाली सही केल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. शाळेच्या ऑफिसात मी चाळीस वर्षं तेच केलं. तो हसायचा मला. हसत हसत शिकला होता तर.

काही दाबलं नाही. पडद्यावर बोट ठेवलं तर अक्षरं कोमट लागली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मागच्या खेपेला खोटं लिहिलं. चार डिसेंबरला दिवेलागणीला त्याला रिक्षात घातलं, तेव्हा त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर काहीतरी सरकत होतं. मी सवयीने बाहेर पडताना मेन बंद केला. गावाला जाताना करतात तसा. मला वाटलं, परत येऊन लावू. माझ्याच हाताने त्याचं मशीन मेलं का, एवढं खरं सांग.

मावशी


जेऊर,
३० मार्च

ती. मावशीस सा. न.

खरं सांगतो. कॉम्प्युटर तेव्हा स्वतःत नवी दुरुस्ती भरत होता, अपडेट म्हणतात ते, ती अर्धी असताना वीज गेली, म्हणून शिपायाचा कागद हरवला. पण कपाटाला काही झालेलं नाही, फाईल तू डोळ्यांनी पाहिलीस. आणि अशा वेळी मेन बंद करणारी तू जगातली पहिली बाई नाहीस. माझी आई शेजारी हळदीकुंकवाला जाताना करते.

सहीचं वाचून मलाही त्याची आठवण आली.

आता वाचायची ओळ. set pager=1 विसरू नकोस, मग सोबतच्या कागदावरची cat ने सुरू होणारी ओळ. तो फाईल वाचून दाखवेल. अवधूत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, तेव्हा वाचता येईल. सावकाश वाच. मला कळवायलाच हवं असं नाही, ते तुझं आहे.

हृषीकेश


सोलापूर,
७ एप्रिल

हृषीकेश,

वाचलं. तू एवढी खटपट केलीस म्हणून तुला कळवते. आपल्या लिपीत उतरवलंय, बाकी एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

‘१२ जून. आईला तीनदा सांगितलं चहात साखर नको. ऐकू आलं नाही. गोड चहा प्यालो.

१५ जून. पाणी आलं. नळ चालूच राहिला, अंगण भरून रस्त्यावर गेलं. ही आत पेपर वाचत बसलेली. मी ओरडलो. शेजारच्या मडिवाळप्पाकाकांनी खिडकी लावून घेतली.

१९ जून. क्लासवरून दमून आलो. विचारते काय झालं. सांगितलं. काय म्हणते. पुन्हा सांगितलं. पुन्हा काय. सोड म्हटलं. तेवढं बरोबर ऐकू आलं.

२२ जून. कानातलं यंत्र घालत नाही. शिट्टी वाजते म्हणते. भिंतीशी बोलतोय असं वाटतं.

२३ जून. आज इतका ओरडलो की माझाच घसा बसला. ठरवलं. आजपासून आईशी बोलायचं नाही’

आणि खाली मोरे.

एवढंच. सही करून संपवलं त्याने.

आणि ते खरंच आहे रे. पावसाळ्यापासून त्याचं घरातलं बोलणं कमी झालं होतं. मला वाटायचं, कामाचा ताण असेल. मी भाकरी वाढायची, तो जेवायचा, खोलीत जाऊन टाइप करत बसायचा. मला कुठं माहीत की त्याने ठरवलंय. मरताना सांगून गेला, वाच म्हणून. वाचलं. पोटच्या पोराने भिंत म्हटलं, तर ती भिंतच असणार.

मी प्लग काढून टाकला. ईरप्पाला शनिवारी बोलावलंय, काय मारायचंय ते मारू दे. मशीन त्याच्या क्लासला देऊन टाकीन. तू पायाची काळजी घे. आता यावर पत्र नको.

प्रेमला मोरे


जेऊर,
१० एप्रिल

ती. मावशी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमच्या कॉलेजचे शिवराज सर सकाळच्या गाडीने सोलापूरला येत आहेत, त्यांच्या हाती देतोय. बेल तुला ऐकू येणार नाही म्हणून त्यांना खिडकीसमोर उभं राहून टॉवेल हलवायला सांगितलंय. घाबरू नकोस, सज्जन माणूस आहे.

ईरप्पा आला तर त्याला चहा देऊन परत पाठव. कशालाही हात लावू देऊ नकोस.

मावशी, ते मोरे नाही.

तो इंग्रजी शब्द आहे. मोअर. म्हणजे आणखी आहे. पडदा भरला, खाली अजून मजकूर शिल्लक आहे, स्पेस दाबा, एवढंच तो शिपाई सांगतो. कुणाच्याही मशीनवर तसंच येतं. तू मार्चमध्ये लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. तुझं ते पडद्यावर बोट ठेवणं वाचलं आणि माझ्याच्याने खरं लिहवलं नाही. वाटलं, राहू दे मावशीला एवढं, कुणाचं काय बिघडतंय. मेनचं खरं सांगितलं आणि हे लपवलं. तुझ्यावर दया करायला गेलो आणि तुला अर्ध्या वाक्यावर सोडून दिलं. मला माफ कर.

अर्धं वाक्य असं मी का म्हणतो, तुझंच पत्र काढून बघ. तू उतरवून घेतलेल्या प्रत्येक वाक्याला पूर्णविराम आहे. शेवटच्याला नाही. तू पूर्णविराम विसरणारी बाई नाहीस. शाळेत तू मुख्याध्यापकांची पत्रं दुरुस्त करायचीस. म्हणजे पडद्यावरच तो नव्हता. वाक्य संपलेलं नाही, मावशी. पान संपलंय.

खाली काय आहे ते मला माहीत नाही. आणखी वाईट असेल तर तेही माझ्या माथी. पण आहे. प्लग लाव, पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मोरे आलं की स्पेस दाब.

हृषीकेश


सोलापूर,
२ मे

चि. हृषीकेश यास अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे उत्तर नाही म्हणून तुझी आई दोनदा येऊन गेली. मी बरी आहे. रोज एक पान वाचत होते आणि वहीत उतरवत होते.

तुझे शिवराज सर बिचारे उन्हात अर्धा तास टॉवेल हलवत होते. मला वाटलं कुणी कपडे वाळत घालतंय. शेवटी मडिवाळप्पांनी येऊन माझा खांदा हलवला. ते खांदा धरूनच म्हणाले, ‘अहो बाई, किती वेळ झालं की, माणूस उभारलाय तितं.’ ओठांवरून कळलं.

माफी कसली मागतोस. इंग्रजी मलाही येतं रे. मोअर म्हणजे आणखी, हे काय मला कुणी शिकवायला हवं? पण चव्वेचाळीस वर्षं ती चार अक्षरं मी आडनाव म्हणून लिहीत आले. पगारपत्रकावर, गॅसच्या पुस्तकावर, अवधूतच्या पदवीवर. दुसरं काही वाचायला डोळे तयारच झाले नाहीत.

दुसरं पान असं सुरू झालं.

‘असं ओरडून. ऐकू येत नाही पण माझं तोंड कसं होतं ते तिला दिसतं आणि ती दचकते. आता जे ऐकू जाणार नाही ते इथं लिहायचं. जानेवारीत वाढदिवसाला छापून बाइंडिंग करून हातात द्यायचं.’

माझा वाढदिवस गड्ड्याच्या जत्रेत येतो. यंदा आला आणि गेला.

अशी अठरा पानं. सगळी तुला लिहीत नाही, वही बघशील. थोडी लिहिते.

‘४ जुलै. म्हटलं भाजी छान झालीय. तिने मीठ पुढे केलं. घेतलं.

२ ऑगस्ट. ओटा पुसताना ती गुणगुणते. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सूर कुठच्या कुठं जातो. मी दार लोटून ऐकत बसतो. तिला सांगायचं नाही. थांबेल.

१६ सप्टेंबर. म्हटलं तुझ्याबरोबर राहायला बरं वाटतं. म्हणाली हो, तूर महागलीय, या खेपेला घेतली नाही.’

खूप रडले, आणि मीठ वाचून हसलेही. इतकं बोलत होता माझा पोरगा. दाराआड टाइप करायचा ते हेच.

आता शेवटचं पान. कुणाला सांगणार नव्हते. पण तू माझ्यापासून लपवलेलं सांगितलंस, तर मीही सांगते.

‘४ डिसेंबर. दुपारपासून छातीत जड वाटतंय. आईला सांगितलं. म्हणाली हो, स्वेटर काढून ठेवलाय. पुन्हा सांगायचं तर ओरडावं लागेल. थोडा पडतो आणि मग’

मला आठवतंय. तो दारात उभा होता, हात छातीवर होता. मला वाटलं, थंडी वाजतेय म्हणतोय. डॉक्टर नंतर म्हणाले होते, दोन-तीन तास आधी आणायला हवं होतं. मी तेव्हा घरात कुणाला दोष द्यावा ते शोधत होते. आता सापडलं.

त्याने वाच म्हणून लिहिलं ते मिठासाठी, गाण्यासाठी. शेवटची ओळ त्याच्या लक्षातही नसेल. माझ्यावर डूख धरणारा तो नव्हता, एवढं त्या अठरा पानांवरून मला पक्कं कळलंय. पण कळून ते दुखायचं राहत नाही.

शेवटच्या वाक्याला पूर्णविराम नाही. आणि खाली मोरेही नाही. नुसती ती रेघ लुकलुकते. तुझं पत्र समोर ठेवून मी स्पेस दाबत राहिले. बराच वेळ दाबली. वहीत उतरवताना मीही पूर्णविराम दिलेला नाही.

प्लास्टर निघालं की ये. मशीन दुरुस्त करायला घाई नाही, आधी जेव. मी कानात यंत्र घालायला लागले आहे. शिट्टी वाजते, वाजू दे. आणि मला काही सांगायचं असेल तर ओरडून सांग. पहिल्यांदा कळलं नाही तर पुन्हा सांग, आणखी मोठ्याने सांग. मी दचकले तरी थांबू नकोस.

तुझी,
प्रेमलामावशी